नागेंद्रमामाचा फेटा

निपाणीत जयाबाईंच्या पिठाच्या गिरणीवर त्यांचा धाकटा भाऊ नागेंद्र बसतो. माझा जुना विद्यार्थी. डबा कुणाच्या घरचा हे तो झाकण बघून सांगतो, आणि गहू जास्त दिसले की कोण पाहुणे आलेत तेही विचारून घेतो.

गिरणीच्या दारातून जाताना तो वाकतो. दार चांगलं उंच, नागेंद्र बेताचाच. पण त्याला स्किझोफ्रेनिया आहे. बेळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी कानातले आवाज बसले, डोक्याचं मात्र राहिलं. आपलं डोकं वाढत चाललंय असं त्याला वाटतं. आरशातही तसंच दिसतं. हे आजारामुळं आहे हे तो जाणतो, पण जाणल्यानं डोकं लहान होत नाही. बसमध्ये तो मागच्या बाकावर बसतो, कुणाच्या आड यायला नको म्हणून. एकदा जयाबाईंनी दोरीनं माप घेऊन दाखवलं, तर म्हणाला, "आक्का, दोरी बी ताणल्या बघ."

यंदा जयाबाईंच्या मुलीचं, म्हणजे त्याची भाची नीलमचं लग्न ठरलं, संकेश्वरच्या हॉलमध्ये. अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, आणि नीलमला मामा एकच. तिला शाळेत खांद्यावरून आणणारा हाच. पण नागेंद्र अडून बसला. फोटोत आपलंच डोकं येईल, नवरी दिसायचीच नाही, शिवाय एवढ्या डोक्याला टोपी कुठली मिळणार. जयाबाईंनी चुलतभावाला उभं करायचं काढलं. नीलम मानेना.

डोकं मोठं की लहान, या वादात ती पडलीच नाही. म्हणाली, "मामा, फेट्याला माप नसतंय. आसंल त्या डोक्याला गुंडाळत्यात. कमी पडला तर माझा शालू जोडू."

"शालू नको," नागेंद्र म्हणाला, आणि यायला तयार झाला.

लग्नादिवशी फेटेवाल्यानं फेटा बांधून घट्ट झाला का विचारलं. नागेंद्र म्हणाला, "असू दे. डोकं कुठवर हाय ते कळतंय." मंगलाष्टकं चालू असताना त्याचा एक हात अधूनमधून फेट्याकडं जाई, दुसरा नीलमच्या खांद्यावर होता.

मग जेवणं. जेवणघराचं दार बुटकं. नागेंद्र सवयीनं वाकून आत गेला. त्याच्यामागून नवरदेवाचे वडील वाकले, चिकोडीची पाहुणेमंडळी वाकली. सगळ्यांच्याच डोक्यावर फेटे, त्यांचे तुरे चौकटीला लागत होते. मीही वाकलो.

नागेंद्र आत उभा राहून एकेकाला बघत होता.

"सर," तो हसत म्हणाला, "आज सगळ्यांचीच वाढल्यात की."

आणि पंगतीत सगळ्यांच्या पुढं जाऊन बसला.