अध्यक्षजींच्या माफीचा ठराव

“झेंडा काय घरची चादर हाये का गा, कोणालेही पांघरून द्यायले?” आमचा सेक्रेटरी असा ओरडला की युनियनच्या खोलीतला गेल्या उन्हाळ्यापासून बंद असलेला पंखा दोन फेरे फिरला. कन्हानच्या पुलावर मालगाडी थांबली असंही मी ऐकलं आहे, पण त्याला साक्षीदार नाही, म्हणून सोडतो.

ओरडण्याचं कारण एक पानभर अर्ज. अर्ज आमच्या माजी राष्ट्रीय अध्यक्षांचा. आमची युनियन सरकारी कारकुनांची, देशभर पसरलेली, आणि एके काळी तिचे सर्वांत मोठे पुढारी हे आमचे नागपूरचे गृहस्थ होते. त्यांनी मूठ वर केली की दिल्लीपासून मद्रासपर्यंत कारकून पेनाला टोपण लावत. मग तो मोठा संप झाला. नवव्या दिवशी अध्यक्षजींनी दिल्लीत, कोणालाही न विचारता, समझोत्यावर सही केली. संपात बडतर्फ झालेल्यांबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं. युनियननं त्यांना काढून टाकलं. बडतर्फ झालेले हळूहळू कोर्टातून परत आले. एक आला नाही. तो माझ्या शेजारच्या टेबलावरचा माझा दोस्त, रोज माझ्या डब्यातली भाजी न विचारता उचलणारा. पुढची सगळी वर्षं त्यानं बुटीबोरीच्या एका गिरणीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचं रजिस्टर लिहिलं. अक्षर मात्र तेच ठेवलं, सचिवालयात पाठवावं असं, आणि युनियनची वर्गणीही कधी चुकवली नाही.

आता अध्यक्षजी पंच्याऐंशीचे. मनीषनगरात लेकीकडे राहतात. आमच्यात रीत अशी की सभासद गेला की त्याच्या अंगावर युनियनचा झेंडा घालायचा. काढून टाकलेल्याला तो मिळत नाही. अर्जात त्यांनी एवढंच लिहिलं होतं की चूक झाली, माफी द्यावी, मला सभासद म्हणून मरू द्यावं.

ते स्वतः समोरच बसले होते. इतके वाळलेले की खुर्चीवर नुसता सदरा येऊन बसलाय असं वाटावं.

दुसरे कोणी असते तर भांडले असते, रडले असते, मोकळे झाले असते. आम्ही पडलो कारकून. एका निवृत्त हेडक्लार्कनं चष्मा पुसून विचारलं, “पण हा अर्ज थेट कसा आला जी? बाहेरच्या माणसाचा अर्ज सभासदानंच मांडावा लागते. सूचक कोण हाये याचा?”

खोलीत बावीस माणसं होती आणि बावीसच्या बावीस एकाएकी आपापल्या चपलांचा अभ्यास करू लागली. सूचक मिळाला नाही तर अर्ज फाइलला लागणार, म्हणजे आमच्या भाषेत मेला. मी हात वर करायच्या अगदी बेतात होतो, असं मी नंतर निदान शंभर जणांना सांगितलं आहे. हात खिशात होता.

शेवटच्या बाकावरून दोस्त उठला. “लिहा माझं नाव.”

सेक्रेटरीचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा झाला. “तू? काहून गा? तुले तं यायनंच...”

“सूचक पाहिजे होता नं? लिहून राहिला का मी येऊन लिहू?”

मग काय, अनुमोदक म्हणून एकदम इतके हात वर झाले की त्यांतला एक निवडायला वेगळी कमिटी नेमावी लागली असती. ठराव एकमतानं मंजूर. सेक्रेटरीचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला. इतिवृत्तात या सगळ्याच्या तीन ओळी झाल्या.

अध्यक्षजी उठले. त्यांच्या खुर्चीपासून शेवटच्या बाकापर्यंत पंधरा पावलं असतील. तेवढ्या वेळात मेट्रोची एक नवी लाइन टाकून झाली असती. कोणी दंड धरायला गेलं, तो त्यांनी सोडवला. दोस्ताजवळ पोचल्यावर त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, “मोठ्या मनाचा हायेस गा तू. आता एवढं सांग. मनातून केलं नं माफ मले?”

दोस्तानं हात ओढून घेतले नाहीत. म्हाताऱ्याला नीट उभं राहता यावं म्हणून जरा पुढेच सरकला.

“तो विषय आजच्या अजेंड्यावर नव्हता, अध्यक्षजी.”