तपकिरी बाजारपेठ

मी गेलो तेव्हा कोल्हापुरातल्या एका चित्रकाराच्या खोलीत बाजारपेठेच्या जुन्या चित्राची हाताने नक्कल चालली होती. मूळ चित्र काळ्या शाईतलं, म्हणून रंग विचारायला त्याने शेजारच्या अक्कांना बोलावलं होतं. चित्रातलं बांगड्यांचं दुकान त्यांच्या वडिलांचं.

"फळ्या निळ्या होत्या बघ. आबांनी स्वतः रंगवलेल्या. तुला जमायचा नाही तो निळा," अक्का म्हणाल्या. पण त्याला तो जमला.

आठवड्याने मी पुन्हा गेलो, तेव्हा चित्र मागवणारे हॉटेलमालक आले होते. "छान आहे, पण जुनं वाटत नाही हो," ते म्हणाले. चित्रकाराने पातळ तपकिरी रंग कालवला आणि रुंद ब्रशने चित्रभर फिरवला.

भूतकाळ आपल्याला असाच लागतो. तेव्हाही लख्ख ऊन पडत होतं, कुणी हौसेने दुकान रंगवत होतं, हे आपल्याला पटत नाही.

संध्याकाळी अक्का नातसुनेला चित्रातलं दुकान दाखवायला घेऊन आल्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"कुठलं, आज्जी?"

"ह्यात नाही गं," अक्का म्हणाल्या. "हे दुसरंच गाव दिसतंय."