टम्मू कुठंय ते आधी सांग!

पिंगीच्या शेपटाला एक पोरगी लटकली होती आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "टम्मू कुठंय ते आधी सांग!"

पिंगी म्हणजे आमचा फिरोज. खारीच्या ड्रेसमध्ये तो उकडून निघत होता. त्याला बोलता येत नव्हतं, शेपूट सोडवता येत नव्हतं आणि पळताही येत नव्हतं. मी त्याच्या शेजारी उभी राहून हसत होते. आमच्या धंद्यात काहीही झालं तरी हसायचं असतं.

मी जालन्यात वाढदिवसांचे इव्हेंट करते. फुगे, स्टेज, गेम्स आणि मॅस्कॉट. मॅस्कॉट म्हणजे कार्टूनमधल्या प्राण्याचा मोठा फरचा ड्रेस घालून येणारा माणूस. याचे दोन नियम आहेत. पोरांसमोर डोकं काढायचं नाही आणि आतून बोलायचं नाही. खारीच्या तोंडातून फिरोजचा आवाज आला तर पोरं रात्रभर झोपणार नाहीत. म्हणून सोबत एक अटेंडंट असतो. मॅस्कॉट त्याच्या कानाशी डोकं नेतो, आणि तो मोठ्यानं सांगतो, "पिंगी म्हणतेय, टाळ्या वाजवा!" माझ्याकडं हे काम मीच करते. दुसऱ्यावर सोडलं तर वाट लागते.

आता हे टम्मू-पिंगी कोण ते सांगते. टम्मू हा जाडा, भित्रा, खादाड हत्ती. पिंगी ही खार, त्याच्या डोक्यावर बसणारी, वात्रट. वर्षानुवर्षं हे कार्टून चालू आहे. माझी पुतणी ते बघत मोठी झाली आणि आता तिची पोरगी बघते. मध्यंतरी त्यातून एक स्पिन-ऑफ निघालं. स्पिन-ऑफ म्हणजे काय, तर मोठ्या एकत्र कुटुंबातून एकानं वेगळी चूल मांडायची. पिंगीनं मांडली. नव्या सिरियलचं नाव 'पिंगी सिटीवाली'. ती शहरात जाते, स्कूटर घेते, हरवलेल्या वस्तू शोधायचं ऑफिस काढते. टम्मू त्यात नाही. एकदाही नाही. कुणी त्याचं नावसुद्धा काढत नाही.

आमच्या दृष्टीनं पिंगीला डिमांड आली, एवढंच. बदनापूर, मंठा, जिकडंतिकडं पिंगी. टम्मूचा ड्रेस गोडाऊनमध्ये पडून राहिला.

त्यातच अंकुशनगरहून खरात साहेबांचा फोन आला. ते साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत. पोराचं नाव संघर्ष. घरात संघू.

"पिंगीच पाह्यजे, ताई," ते म्हणाले. "लई जीव हाय त्याचा तिच्यावर."

"पाठवते की."

"आन् एक सांगू का?" त्यांचा आवाज खाली आला. "पोरगं घुम्यावानी बसून राह्यलंय. त्याची ताई, आमची प्रज्ञा, नर्सिंगला पुण्याला गेलीय. तवापासून असंच. तिचा फोन आला की बाहेर पळतं. तिच्याशी एक शब्द बोलत न्हाई. ती तिकडं रडती, हिकडं हिची आई रडती. बड्डेला केकच्या टायमाला प्रज्ञा व्हिडिओ कॉल लावणार हाय. तेवढ्यापुरतं तरी बोलला पाह्यजे ओ. पोराला जरा हसवा, मूडमध्ये आणा."

"बिलकुल काळजी करू नका," मी म्हणाले. "पिंगी बघून दगड हसतो."

असं बोलायची मला फार सवय आहे.

कॉलनीचा हॉल पोरांनी भरला होता. कारखान्याचा सीझन चालू होता, त्यामुळं खिडक्यांतून मळीचा गोडसर वास येत होता आणि निम्मे बाप शिफ्टचे कपडे घालूनच आले होते. आधी बुद्धवंदना झाली. मग मी माइक घेतला. संघू आईला चिकटून उभा होता. गोरागोमटा, गोल. नाव संघर्ष आणि पोरगा म्हणजे लोण्याचा गोळा.

मी पिंगीची एन्ट्री दिली. गाणं लागलं, फिरोज नाचत आला. पहिला मिनिटभर सगळं झकास. मग मी माझा नेहमीचा डायलॉग टाकला. प्रत्येक पार्टीत टाकते. "पिंगी म्हणतेय, मी आता सिटीवाली झाले! लई बिझी झाले! जुन्या लोकांना भेटायला टाइम नाही मला!"

बाकी ठिकाणी पोरं खिदळतात. इथं एकही पोर हसलं नाही.

मग पहिला आवाज त्या शेपूटवालीचा. तंझिला तिचं नाव, फिटर अन्सारभाईंची मुलगी, चौथीतली. "टम्मू कुठंय ते आधी सांग!"

आणि मग जे सुरू झालं ते मी कधी बघितलं नव्हतं. एक पोरगा ओरडला, "पिंगी गद्दार हाय!" दुसरा म्हणाला, नवी सिरियल एकदम बोगस, स्कूटरवर खार कुठं बसती का. एक छोटी पिंगीच्या बाजूनं उठली. "तिला पन वाटत आसंल ना, आपली सिरियल पाह्यजे म्हनून! किती दिवस त्याच्या डोक्यावरच बसायचं?"

"मंग जा की," तंझिला म्हणाली, "पन बोलके तो जाना था! पयल्या भागात नुसती बॅग भरली आन् निघाली. टाटा पन न्हाई केला. मैं खुद देखी!"

"केला आसंल. दाखवला न्हाई."

"दाखवला न्हाई म्हंजे केला न्हाई!"

फिरोजनं त्याचं भलंमोठं डोकं माझ्या कानाला लावलं. आतून हलकेच आवाज आला, "ताई, बच्चे लोगां भोत गुस्से में हैं. गाना लगाओ जल्दी."

मी गाणं लावलं. ते कुणी ऐकलं नाही. खरात साहेब भिंतीशी उभे राहून माझ्याकडं बघत होते.  केकची वेळ जवळ आली होती, तिकडं पुण्यात ती पोरगी फोन घेऊन बसली असणार, आणि इथं मी पोराला हसवायच्या ऐवजी हॉल पेटवून ठेवला होता.

तेवढ्यात संघूनं आईचा पदर सोडला. सरळ पिंगीसमोर येऊन उभा राहिला. पोरांनी आपोआप वाट दिली. बड्डे त्याचा होता.

"तुला टम्मूची आठवण येत न्हाई का?" त्यानं विचारलं.

फिरोजनं जोरजोरात मान हलवली. येते, येते.

"मंग त्याला नेलं का न्हाई?"

याला मान हलवून उत्तर देता येत नाही. फिरोजनं डोकं माझ्याकडं आणलं. आत तो नुसता धापा टाकत होता, बोलला काहीच नाही. मी आपली ठोकून दिली, "पिंगी म्हणतेय, टम्मू पण येणार आहे! पुढच्या भागात! मोठ्ठा केक घेऊन!"

संघू माझ्याकडं बघत राहिला. रडला नाही, चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "ती काहीच बोलली न्हाई. तुम्हीच बोलून राह्यल्या."

अहो, इतकी वर्षं धंदा केला, मला कुणी असं पकडलं नव्हतं. लाज वाटली मला. एवढ्याशा पोराला थाप मारून आपण काय मिळवलं, असं झालं. मी माइक बंद केला, खुर्चीवर ठेवला आणि फरशीवर त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मला नाही माहीत टम्मू कुठं आहे. तुला माहितीये का?"

"माहितीये."

"कुठं आहे?"

"घरीच हाय."

"काय करतो मग घरी?"

संघूनं खाली बघितलं. "सहा वाजले की टीव्हीसमोर बसतो. दोन ताटल्या घेतो. एक त्याची, एक पिंगीची. पिंगी येत न्हाई. मंग तो दुसरी ताटली परत ठेवून देतो."

"रोज?"

"रोज. आई वरडते, दोन कशाला घेतो म्हनून. मंग तो काहीच सांगत न्हाई."

माझ्या मागं कुणीतरी हुंदका दिला. मी वळून बघितलं. संघूच्या आईनं पदर तोंडाला लावला होता. त्या माझ्याजवळ येऊन खाली बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "प्रज्ञा आन् हा संगंच बघायचे ओ ते कार्टून. ती काडीवानी बारीक, तिला पिंगी म्हनायचा. सोता टम्मू. मला वाटलं पोराची भूक वाढली, म्हनून दोन ताटल्या घेतो. हावरटपना करू नको म्हनून बोलले मी त्याला. लेकराला बोलले मी."

   मी त्यांचा हात धरून बसले. 

त्यांनीच मग डोळे पुसले आणि फोन काढला. केकची वाट बघितली नाही. पहिल्याच रिंगला प्रज्ञा स्क्रीनवर आली. बारीक चेहरा, केसांना फडकं गुंडाळलेलं, मागं हॉस्टेलच्या कॉटा.

"संघ्या! हॅपी बड्डे!"

संघू एक पाऊल मागं सरकला. खरात साहेब दाराकडं धावले, पळालं तर धरावं म्हणून. पण पोरगा पळाला नाही. मागं फिरोज उभा होता, त्याच्या फरला टेकला. फिरोजनं त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला. बोलायची मुभा नसलेल्या माणसाला जेवढं करता येतं तेवढं त्यानं केलं.

"तुझ्या सिरियलमधी टम्मू हाय का न्हाई?" संघूनं विचारलं. स्क्रीनकडं न बघता.

मला वाटलं, आता हिला सगळं समजावून सांगावं लागणार. काही गरज पडली नाही. ती कार्टून बघतच वाढलेली. नवी सिरियलही तिनं बघितली असणार. तिचा चेहरा एकदम बदलला.  मग नाक ओढून म्हणाली, "हाय की रे. टम्मूबिगर कशाची सिरियल? पन टम्मू फोनच उचलंना. मंग मी शूटिंग कसं करावं?"

संघूनं आता पहिल्यांदा स्क्रीनकडं बघितलं.

"तू टाटा केला न्हाई," संघू म्हणाला.

"तू झोपलेला व्हता, शोन्या. पहाटेची गाडी व्हती. उठवलं आसतं तर मलाच जाता आलं नसतं." आता ती रडत होती. "चुकलं माझं. पुढच्या बारीला उठवीन. रड न्हाईतर काहीबी कर, पन उठवीन."

संघूनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग फोन आईच्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "सहा वाजता लाव. तू तिकडं ताटली घे. मी हिकडं घेतो."

"घेते."

"रोज."

"रोज, संघ्या."

तेव्हा तो रडला. मोठ्यानं, गळा काढून, इतक्या दिवसांचं सगळं. आईनं त्याला कुशीत ओढलं. खरात साहेब भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. तंझिलानं सगळ्या पोरांकडं वळून निकाल देऊन टाकला, "बराबर है. टाटा बोलने का. नहीं तो जाने का नहीं."

केक उशिरा कापला. प्रज्ञाला फोनमध्येच पहिला घास दिला, स्क्रीनला क्रीम लागलं. गेम्स राहूनच गेले. कुणी तक्रार केली नाही.

टेम्पोत बसल्यावर फिरोजनं डोकं काढलं. केसांपासून हनुवटीपर्यंत चिंब. मी म्हणाले, "फार घाम आला रे तुला."

"हौ ताई, घामच है," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं. 

त्या दिवशीपासून 'बिझी झाले' हा डायलॉग मी बंद केला. चांगला चालणारा होता, पण बंद. आणखी एक बदल केला. पूर्वी मी बुकिंगच्या फोनवर एवढंच विचारायची की पोराला कोण आवडतं. आता विचारते, कार्टून कुणाबरोबर बसून बघतो? बरेच आईबाप जरा अडखळतात. काही हसतात, हे कशाला पाहिजे म्हणून. पण अधूनमधून एखादी आई सांगते, "आधी बघायचा हो दादासोबत. आता एकटाच बघतो."

अशा घरी मी टम्मूलाही घेऊन जाते.