नारायणगडावरच्या डब्यातली वही

मंडळी, आज आपल्या गटातल्या वैशालीताईंचं पार्सल पोचलं. घट्ट झाकणाचा डबा पासष्ट रुपये, जाड वही बारा, टपालखर्च तीस. ताई, मनिऑर्डर केली आहे.

लगेच जुना डबा बदलायला ह्यांना घेऊन नारायणगडाला गेले. दर्शन झाल्यावर, दोन वर्षांपूर्वी कपारीत लपवलेला आपला जिओकॅशिंगचा, म्हणजे उपग्रहाच्या खुणेवरून फोनवर शोधायचा आणि आतल्या वहीत नोंद करायची त्या खेळाचा, डबा काढायला वाकले, तर तो उघडा पडलेला. माकडांनी वहीच्या चिंध्या केल्या होत्या!

चूक माझीच. मागच्या एकादशीला पेन्सिल बदलताना मी आत शेंगदाण्याचे दोन लाडू ठेवले होते. फोनवर जागा बघत उन्हात कुणी चढून येणार, त्याच्या हाती नुसती वही कशी द्यायची?

हे हसून बेजार. "माकडांना पत्ता कुनी दिलता गं? तुमच्या उपग्रहानं?"

माझे डोळे भरले. "सगळ्यांची अक्षरं गेली हो."

"फोनवर नोंदी हायेत न्हवं?"

आहेत. पण हल्ली फोनवर "सापडला" एवढंच टाकून मंडळी पुढच्या डब्याकडे पळतात. वहीत सिरसाळ्याच्या गुरुजींनी मोर काढला होता. पाटोद्याच्या एका बाईंनी, लेक पहिल्यांदा गड चढली म्हणून पानभर लिहिलं होतं.

नवा डबा विठ्ठलाचं नाव घेऊन ठेवला, लाडवाविना. खरं सांगते, परतताना मन हलकं होतं, कारण एक सुचलं. जुन्या वहीत ज्यांनी लिहिलं होतं, त्यांनी आठवेल तसं पोस्टकार्डावर स्वतःच्या हातानं लिहावं. मी ती कार्डं नव्या वहीत चिकटवीन. माझा पत्ता तुमच्याकडे आहेच, तेवढं उलट टपाली धाडा.