दाजींची जुनी इंग्रजी

सोललेल्या ओल्या सुपारीचा तुरट वास आला, की मला दाजींची पडवी आठवते. आश्विनातले पिवळे ऊन सारवलेल्या जमिनीवर पसरलेले असे, माडांपलीकडून समुद्राची गाज येई, आणि पाटावर ताठ बसलेले दाजी टाकाने इंग्रजी अर्ज लिहीत असत. काशीदच्या पुढच्या आमच्या गावातले कितीतरी मुसलमान पुरुष बोटींवर खलाशी होते. त्यांच्या घरच्यांचे बोट कंपनीशी बोलणे दाजींच्या लेखणीतून होई. कचेरीतून निवृत्त झालेल्या या कारकुनाला गावात मान होता तो तेवढ्यासाठीच. अर्ज पुरा झाला, की उभे राहून तो अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचायचा, हा त्यांचा शिरस्ता. खलाशांच्या बायकांना, आयांना त्यातले अक्षरही कळत नसे. पण आपले दुःख साहेबाच्या भाषेत कसे वाजते, ते त्या पदर सावरून ऐकत.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षे झाली होती. मुंबईला इंग्रजी घेऊन पदवीधर झालेला मी गावच्या शाळेत मास्तर म्हणून परतलो, तो डोक्यात वारे भरूनच. कॉलेजात आम्हाला इंग्रजीची हजार वर्षे शिकवली होती. एके काळी ती मूठभर शेतकऱ्यांची आणि दर्यावर्द्यांची भाषा. मग जेत्यांबरोबर तिच्यात फ्रेंच दरबारी शब्द शिरले, पंडितांनी लॅटिन आणले, उच्चार शतकानुशतके पालटत गेले आणि स्पेलिंगे मात्र मागच्याच काठावर राहिली. भरतीने आणलेले सारे पोटात घेणाऱ्या आमच्या खाडीसारखी ती मला वाटे. तिचे शंभर वर्षांपूर्वीचे पाणी दाजींच्या पडवीत साचून राहिले आहे, असेही वाटे. विनवणीचे ‘बिसीच’ काय, ‘कदाचित’साठी ‘परचान्स’ काय, ‘मोस्ट हम्बल सर्व्हंट’ काय! गोरा साहेब गेला, तरी दाजी आपले त्याच्यापुढे वाकलेलेच.

गावातल्या हलिमाबींचा मुलगा युसूफ बोटीवर गेला होता आणि आठ महिने त्याचे पत्र नव्हते. दाजींनी कंपनीला चार पानी अर्ज लिहून त्यांना वाचून दाखवला. त्यात समुद्र होता, ईश्वर होता, मातेचे झुरणे होते. मी सहज तिथे बसलो होतो. कुणी विचारले नसताना मी तो कागद हाती घेतला, खिशातले लाल शाईचे पेन काढले आणि हसत हसत ओळीमागून ओळ खोडली. “दाजी, अशी इंग्रजी आता तिकडेही कुणी लिहीत नाही,” म्हणालो, आणि चार ओळींचे नेटके पत्र लिहून दिले.

“येवडाच, मास्तर?” हलिमाबी म्हणाल्या. “माज्या पोराचा नाव त्यात हाय ना?”

दाजींनी दौतीला बूच लावले. त्यानंतर गावचे अर्ज माझ्याकडे येऊ लागले आणि, सांगायला लाज वाटते, मला त्याचा आनंद झाला.

पौषात कंपनीचे उत्तर आले. टंकलिखित एकच ओळ: युसूफ परक्या बंदरात उतरला तो बोटीवर परतला नाही, अधिक माहिती नाही. इंग्रजी अगदी आजची, निर्दोष. मी हलिमाबींना अर्थ सांगितला.

“आनी काय लिवलाय?”

“एवढंच,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि त्या सरळ दाजींकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो.

दाजींनी चष्मा पुसला, उभे राहून तो कागद दोन्ही हातांत धरला आणि ते वाचू लागले. वाचन संपेना. जुनी, भारदस्त, वळणावळणाची इंग्रजी वाक्ये: आपल्या पुत्रासारखा प्रामाणिक खलाशी आम्ही पाहिला नाही; त्याच्या चिंतेने आम्हालाही चैन नाही; परमेश्वर आपणांस धीर देवो. मग मराठीत त्यांनी सारे समजावले, आणि युसूफचा पत्ता नाही हेही लपवले नाही. कागदावर त्या एका ओळीखेरीज काहीच नव्हते. माझ्यापुढे टिपूस न गाळलेल्या हलिमाबी आता मोकळेपणी रडत होत्या.

दाजींना मी दारात दिसलो. “मास्तर, काही चुकलं असेल तर सुधारा,” ते म्हणाले. स्वरात खोच नव्हती.

चुकले होते ते माझे, हे तेव्हाच म्हणायला हवे होते. मी नुसती मान हलवली आणि पायऱ्या उतरलो. पुढच्या पावसाळ्यात दाजी गेले. त्या मान हलवण्याचा त्यांनी काय अर्थ घेतला, ते मला आजही माहीत नाही.