मोजणीबाईंची अर्धी घडी

ऑपरेशनच्या खोलीतल्या नर्सना आम्ही मोजणीबाई म्हणायचो; त्या डॉक्टरांचासुद्धा शब्द मानत नसत. "आधी माझी मोजणी, साहेब, मंग तुमचे टाके," असं त्या नागपूरहून महिन्यातून एकदा येणाऱ्या सर्जनना तोंडावर ऐकवत. सर्जन हातात सुई घेऊन ताटकळत उभे, आणि मी, तिथला मलमपट्टी करणारा ड्रेसर, मान खाली घालून. गोंदियाच्या त्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काढली. अशी चिवट बाई पुन्हा पाहिली नाही.

त्यांची रीत ठरलेली. ऑपरेशनला जखमेतलं रक्त टिपायला गॉजच्या, म्हणजे जाळीदार कापडाच्या, वीस घड्या घ्यायच्या. भिंतीवरच्या फळीला वीस खिळे होते. रक्ताने भरलेली घडी बाहेर आली की ती एका खिळ्याला टांगायची. सगळे खिळे भरले की टाके. मला भारी कंटाळा यायचा. बाई म्हणायच्या, "आपली पाठ आपल्याले दिसत नाही, भाऊ. दुसऱ्यानंच पाहा लागते."

मुर्री गावचा सुखराम धानाची शेती करायचा. त्याच्या मणक्यात पू झाला होता. जागा खोल आणि अरुंद, म्हणून सर्जननी लहान घडी मागितली. लहान घड्या शिल्लक नव्हत्या. बाईंनी एक घडी मधोमध कापली. दुसरं टोक मीच धरलं होतं. दोन्ही तुकडे जखमेत गेले. त्यातला एकच बाहेर आला, खिळ्यावर गेला. वीस खिळे भरले. वीसच्या आता एकवीस झाल्या होत्या, हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

तीन महिने सुखरामची जखम वाहत राहिली. शेवटी पुन्हा उघडली, तर चिमट्यात कुजका तुकडा आला. एक कड कात्रीने कापलेली. बाईंनी तो हातात घेऊन ती कड निरखून पाहिली.

"जुना आजार उलटला, एवढंच सांगायचं," सर्जन म्हणाले. मी मान डोलावली. काय करणार, नोकरी होती.

दुसऱ्या दिवशी बाई सुखरामच्या खाटेशी गेल्या. "दादा, तुमचा आजार उलटला नाही. म्या कापलेला कपडा तुमच्या पाठीत राह्यला होता. चूक माझी आहे."

सुखरामने विचारलं, "मंग मी आता नांगर धरीन का?"

"मले नाही माहीत, दादा."

सुखरामने पुढे नांगर धरला नाही. काठी धरून बांधापर्यंत जायचा, तेवढंच.

महिना संपायच्या आत बाईंना नोकरीवरून काढलं. मी स्टेशनावर गेलो. गाडी लागलेली होती. म्हटलं, "बाई, कपडा मीही धरला होता. मी सांगायला पाहिजे होतं."

त्या थकल्या होत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचं नाव घेऊन त्याची पाठ सरळ होते का? जा भाऊ घरी. लेकरं वाट पाहून राहिली असतीन."

मी गेलो. खरं तर मला तेच ऐकायचं होतं.