बोलून दिलेला ऑक्सिजन

मामा तंत्रज्ञ होते, आणि गेली चार वर्षं एका रबरी माणसाला रोज मारायचं नि जिवंत करायचं हीच त्यांची नोकरी होती. त्याआधी वीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांच्या हाताखाली काढली. गुडघे गेले तेव्हा त्यांना सिम्युलेशन लॅबमध्ये काचेमागच्या खुर्चीत बसवलं. काचेपलीकडे शिकाऊ डॉक्टर त्या रबरी देहाला भूल देत, अलीकडे मामा बटण फिरवून त्याचा ऑक्सिजन वरखाली करत.

या शिकाऊंबद्दल मामांचं मत न विचारलेलंच बरं. बोलबच्चन सगळे! परीक्षक कागदावर खुणा करतात त्या ऐकून, हे या दिवट्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. मग काय, आनंदीआनंद. 'मी शंभर टक्के ऑक्सिजन देतोय' असं खणखणीत म्हणायचं, की परीक्षक खूण करणार, मामा बटण फिरवणार आणि पडद्यावरचा आकडा चढणार. नळी जोडली का, छाती हलते का, बघतो कोण? उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यातल्या सगळ्यात बोलघेवड्याला मामांनी 'वक्ता' नाव ठेवलं होतं. तो पहिला आला, हे सांगायला नकोच.

आणि मग मामींच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनच्या यादीत भूल देणारा म्हणून नेमका वक्ता! मामा तडक विभागप्रमुख बाईंकडे गेले.

"मॅडम, त्याला बदला. त्याला काही येत नाही."

"असं कसं मामा? बटणं तुमच्याच हातात होती ना? त्याचा पेशंट एकदाही दगावला नाही."

मामा आल्या पावली माघारी फिरले. दगावू दिला नव्हता तो त्यांनीच. कोण परीक्षकांशी वाद घालणार, म्हणून.

दुपारी त्यांनी वक्त्याला लॅबमध्ये गाठलं. "डॉक्टर, उद्या माझ्या बायकोला भूल देणार ना? आज याला देऊन दाखवा."

वक्ता हसत उभा राहिला. "मी शंभर टक्के ऑक्सिजन देतोय!"

आकडा नव्वदवर आला, ऐंशीवर आला, साठच्या खाली गेला. रबरी माणूस मेला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मेला. पाचव्या खेपेला वक्ता काचेवर हात आपटून ओरडला, "मामा, बटण फिरवा की! सांगितलंय ना मी!"

"सांगितलंत हो. दिलात कुठं? नळी बघा."

मशीनची नळी मास्कपासून सुटून लोंबत होती. मामांनीच ती आधी काढून ठेवली होती. पाच वेळा माणूस मेला, पण या शहाण्यानं एकदा वाकून पाहिलं नव्हतं. वक्त्याचा चेहरा पडला. सहाव्या खेपेला त्यानं गुपचूप नळी जोडली, छातीवर हात ठेवला, ती हलतेय याची खात्री केली. मगच मामांनी आकडा चढवला. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही. कधी नळी काढली, कधी सिलिंडर बंद केला.

दुसऱ्या दिवशी मामी शुद्धीवर आल्या, पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "अहो, तो भूल देणारा मुलगा मुका आहे का? सारखा नळ्या चाचपत होता, पण तोंडातून एक शब्द नाही."

"कालपासून झालाय," मामा म्हणाले. त्यांना हसू आलं नाही. त्याच्याबरोबर मामांच्या बटणांनी पास केलेले अकराजण शेजारच्या ऑपरेशन टेबलांवर खऱ्या पेशंटना भूल देताना अजून बोलतच होते.